डिस्लेक्सिया आणि वाचन : घरी कोणती साधनं खरंच कामाला येतात?

तीनहातनाका

नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत आहे, ठाण्यातलीच मराठी शाळा, सेमी इंग्रजी. बोलण्यात कुणाला ऐकणार नाही. गोष्ट एकदा ऐकली की पात्रांच्या आवाजासकट परत सांगतो. पण पुस्तक समोर आलं की याला तहान लागते, मग शू लागते, मग पेन्सिलीला टोक नसतं. दिवाळीनंतर रीतसर तपासण्या करून घेतल्या. बुद्ध्यांक चांगला, वाचनात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया. रेमेडियल, म्हणजे अशा मुलांची खास शिकवणी, सुरू केलंय. बाई चांगल्या आहेत, पण त्या आठवड्यातून दोनदाच भेटणार. बाकी दिवस घरी थोडं थोडं करून घ्या म्हणाल्या.

माझा प्रश्न या 'थोडं थोडं' बद्दल आहे. साधनं कोणती घ्यायची? मध्यंतरी एका मॉलमधल्या काउंटरवाल्याने आम्हाला गाठलं. टॅब, रंगीत काचांचा चष्मा आणि वर्षभराची वर्गणी असं पॅकेज, साठ हजारांच्या वर. तीन महिन्यांत मूल घडाघडा वाचेल अशी हमी. हमी ऐकूनच मला शंका आली.

घरात दोन पक्ष पडलेत. माझं मत असं की पडदा आला की मुलगा खेळतो, वाचत नाही, त्यामुळे कार्डं, पाटी, पुठ्ठा हेच बरं. बायकोचं म्हणणं, कार्डांना तो आधीच विटलाय, मोबाईलला तरी हात लावतो. ज्यांनी स्वतः मुलांसोबत काही वापरलंय त्यांनी सांगा. चाललेलं सांगा, फसलेलंही सांगा.

कटिंग

वाचनखूण साठवली. भाच्यासाठी हवंच होतं.

नेरुळची मावशी

मी रेमेडियल शिकवते, वाशी-नेरुळ पट्ट्यात. त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.

काही विकत घ्यायच्या आधी तो नेमका कुठे अडतो ते बघा. तोंडी विचारा : 'कमळ' मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं? 'मळ'. 'पाटी' आणि 'काठी' शेवटी सारखे वाजतात का? 'बादली' चे तुकडे किती? हे रिक्षात बसून होतं, पुस्तक लागत नाही. ज्याला इथेच अडचण आहे त्याच्यापुढे कितीही रंगीत कार्डं नाचवा, त्याच्यासाठी ती चित्रंच राहतात. बहुतेक मुलांत डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नसतं. ऐकलेला आवाज आणि दिसणारं अक्षर यांची गाठ पक्की बसत नाही, ही खरी अडचण.

मग अक्षरं. अंकलिपीचा क्रम तूर्त बाजूला ठेवा. क-ख-ग-घ हा क्रम तोंडात आवाज कुठून निघतो त्यावर बेतलेला आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो, पण अडखळणाऱ्या मुलाला तो सोयीचा नाही. म, क, न, ल, र, स आणि काना एवढ्यावर मामा, काका, नाक, कान, लाल, मान, रास असे शब्द लगेच उभे राहतात. दिसायला जुळी अक्षरं एका आठवड्यात आणायची नाहीत : घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष, ट-ढ-द. त्यातलं एक हाडात मुरलं की मगच दुसरं. आणि 'ख' शिकवताना जपून. सुटा 'र' आणि 'व' जवळ आले की झालाच तो 'ख'.

साधन म्हणाल तर स्टीलचं ताट आणि त्यात पसरलेला रवा. बोटाने अक्षर काढायचं आणि काढता काढता तोंडाने त्याचा आवाज म्हणायचा. हा आवाज म्हणणं राहिलं तर तो चित्रकलेचा तास होतो. बहुतेक घरी नेमकं तेच राहतं. डोळा, कान, हात एकाच वेळी कामाला लावायची ही पद्धत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात बसवली. माँटेसरी शाळांत खरखरीत कागदाची अक्षरं त्याआधीपासून आहेत. आणि आपल्याकडे पंतोजी धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवून घ्यायचे, तेव्हा यात विलायती फार काही नाही.

वेलांट्या आणि जोडाक्षरांचं उद्या लिहिते. कुकर लागलाय.

झब्बू

रवा खव्यापेक्षा स्वस्त हे बरं आहे. 'रवा' लिहिता लिहिता 'खा' झालं तर शिरा करून टाका.

गंमत सोडा. आमच्या वेळी हे डिस्लेक्सिया-बिक्सिया काही नव्हतं. मास्तर दोन ठेवून द्यायचे आणि पोरं वाचायला लागायची. आता प्रत्येक आळसाला रिपोर्ट मिळतो.

पाटीपेन्सिल

@झब्बू, तुमच्या वेळीही होतं. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं होतं. गणितात तरबेज, पण वाचता येत नाही. शिक्षकांचं म्हणणं असं की सगळं तोंडी शिकवलं तर शाळेत याच्याइतका हुशार दुसरा नसेल. 'डिस्लेक्सिया' हे नाव तर त्याच्याही आधी एका जर्मन नेत्रतज्ज्ञाने दिलं.

आणि 'वाचायला लागायची' ती कोण? जी नाही लागली ती पाचवी-सहावीत शाळा सोडून गेली. ती तुमच्या स्नेहसंमेलनाला येत नाहीत, म्हणून तुमच्या आठवणीतही नाहीत.

झब्बू

मुद्दा नोंदवला. मत बदललेलं नाही.

उलटापुलटा

झब्बूशेठ, मी त्या 'दोन ठेवून दिल्या' वाल्यांपैकी आहे. चाळिशी पार झालीय, महापे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मला कुणी कधी तपासलं नाही. मास्तरांनी दोन नाही, बऱ्याच ठेवल्या. वाचायला काही त्यामुळे आलं नाही. एकच शिकलो : माझी पाळी यायच्या आधी शेजाऱ्याकडून परिच्छेद ऐकून पाठ करायचा आणि पुस्तकावर बोट फिरवत म्हणायचा. दहावीपर्यंत त्यावर निभावलं.

हा प्रतिसादही बोलून टाईप केलाय. मोबाईलला सांगतो, तो लिहितो, मग तोच वाचून दाखवतो. चूक असली तर कानाला कळते. मशिनची मॅन्युअल्स मी अशीच 'वाचतो'. आवाज लावायचा आणि डोळे त्याच ओळीवर ठेवायचे. सुरुवातीला नुसता ऐकायचो. डोळे ओळीवर ठेवायला लागल्यावर हळूहळू नेहमीचे शब्द आपोआप ओळखू यायला लागले.

धागाकर्त्यांना एवढंच सांगेन. वाचायला शिकणं एक आणि अभ्यास समजणं दुसरं. दोन्ही एका गाडीला जुंपू नका. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. त्याला तो सगळा ऐकवा, मोठ्याने वाचून दाखवा, किल्ल्यावर न्या. वाचनाच्या सरावाला वेगळा छोटा उतारा घ्या. नाहीतर इतिहासही जातो आणि वाचनही येत नाही.

फुलपाखरू

उलटापुलटा, तुमच्या या प्रतिसादाला +१०००

घोडबंदरकर

ऐकवण्याबद्दल शंका आहे. सगळं ऐकूनच मिळायला लागलं तर मूल वाचायचे कष्ट घेईल कशाला? आमच्या शेजारच्या मुलीला सगळं यूट्यूबवर ऐकायची सवय लागली, आता पुस्तक नको म्हणते.

नेरुळची मावशी

@घोडबंदरकर, वाचनाचा सराव बंद करून नुसतं ऐकवलं तर तुमचं खरंच आहे. पण ज्या मुलाची एक ओळ वाचता वाचता दमछाक होते त्याला त्याच्या वयाची गोष्ट कुठून मिळणार? शब्दसंपत्ती गोष्टींतून वाढते. ती दोन-तीन वर्षं थांबली की पुढे अक्षरं जुळवता आली तरी अर्थ लागत नाही, कारण शब्दच ओळखीचा नसतो. म्हणून दोन्ही चालू ठेवायचं. उलटापुलटा सांगतात तसं ऐकताना डोळे ओळीवर हवेत, नाहीतर तो रेडिओ.

आता कालचं राहिलेलं. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. मूल इमानाने डावीकडून वाचत येतं आणि फसतं. रफाराचं उलटं : 'गर्व' मध्ये र् चा आवाज आधी, चिन्ह मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. यासाठी मी पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे वापरते. कार्डावर 'क', प्लास्टिकवर वेलांटी लाल शाईने. मूल स्वतः वेलांटी सरकवून क वर बसवतं आणि 'क... कि' म्हणतं. मग तीच वेलांटी म वर, स वर, न वर. बाराखडी घोकण्यापेक्षा हे लवकर बसतं, कारण चिन्ह सुटं आहे आणि ते कुठल्याही अक्षराला लागतं हे हाताला कळतं.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकात नसते. आपण 'बसला' लिहितो आणि 'बस्ला' म्हणतो. 'कमळ' मधल्या ळ चा अ आपण गिळतो. अक्षर अक्षर जोडणारं मूल 'ब-स-ला' असं सुटं सुटं म्हणतं आणि तो शब्द त्याच्या कानाला ओळखीचाच वाटत नाही. तेव्हा 'चुकलास' म्हणू नका. 'आता भरभर म्हण, रोज बोलतोस तसं' म्हणा. 'चार' आणि 'चारा' मधला च वेगळा, हेही तसंच. अक्षर एक, आवाज दोन. नियम सांगत बसू नका, वाक्यात ठेवून वाचायला द्या.

तीनहातनाका

मावशी, 'बसला' चं वाचून मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि करून बघितलं. तो अगदी हेच करतो! आम्हाला वाटायचं मुद्दाम रखडतोय.

ऐरोलीकर

आमचं साधन ठाणे-वाशी लोकल. मुलीला आजीकडे वाशीला नेताना पाट्या वाचायला लावायचो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. ऐ आहे, जोडाक्षर आहे, रफार आहे, ण आहे. अख्खं व्याकरण फलाटावर आणि फुकट. ती सगळ्या पाट्या न चुकता वाचायला लागली.

नेरुळची मावशी

ऐरोलीकर, उत्साहावर पाणी टाकत नाही, पण ती वाचत होती की तिला स्टेशनांचा क्रम पाठ होता? घरी 'तुर्भे' कागदावर लिहून दाखवा.

ऐरोलीकर

मावशी, त्याचा निकाल रेल्वेनेच लावला. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं. पहिल्यांदा गाडी तिथे थांबली तर बाई पाटीकडे बघून ठणकावून म्हणाल्या, 'ऐरोली!' डब्यातले लोक हसले. त्यानंतर मी नावांच्या चिठ्ठ्या करून पिसायला लागलो. ठाकुर्ली, मुंब्रा, कळवा असली मेन लाइनची नावंही त्यात घातली. आता खरंच वाचते, हळू वाचते, पण वाचते.

झब्बू

दिघ्याचा असा उपयोग होईल हे मंत्र्यांनाही वाटलं नसेल.

टंकप्रेमी

फॉन्टबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून घुसतो. धंद्याने मी छपाईवाला.

डिस्लेक्सियासाठी म्हणून ओपनडिस्लेक्सिक नावाचा फॉन्ट मिळतो. अक्षरांची बुडं जाड आहेत, म्हणजे म्हणे ती उलटत नाहीत. तो रोमन लिपीचा आहे आणि त्यावर झालेल्या चाचण्यांतही वाचन सुधारल्याचं ठामपणे दिसलेलं नाही. त्यापेक्षा अंतराचा मुद्दा दमदार आहे. इटालियन आणि फ्रेंच मुलांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरांत जास्त जागा सोडली तेव्हा डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त अचूक आणि जास्त वेगाने वाचत होती, तेही वेगळा सराव न देता.

पण हे देवनागरीत जसंच्या तसं करायला जाऊ नका. कॉम्प्युटरवर अक्षरांतलं अंतर वाढवलं की बऱ्याचदा शिरोरेषा तुटते आणि शब्द एक आहे की चार हेच कळत नाही. आपल्याकडे दोन शब्दांतलं आणि दोन ओळींतलं अंतर वाढवायचं. मी भाचीला करून देतो ते असं : अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींत दीडपट ते दुप्पट जागा, ओळ छोटी, उजवी कड मोकळी सोडलेली. कागद किंचित पिवळसर, झगझगीत पांढरा नको.

ल आणि श याकडेही बघा. मराठी ल आणि श यांचा आकार हिंदी वळणापेक्षा वेगळा आहे आणि २००९ च्या राज्य सरकारच्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण दिलेलं आहे. पण मोबाईलवर, ॲपमध्ये, निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर हिंदी वळण दिसतं. तुमच्या-माझ्या नजरेला फरक पडत नाही. ज्या मुलाने आत्ता कुठे एक ल पक्का केलाय त्याला दुसरा ल म्हणजे नवीनच अक्षर. काही फॉन्टांत मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ही अक्षरं बदलतात. 'मुक्त' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले फॉन्ट फुकट मिळतात, रेषा एकसारख्या जाड आहेत, मला मुलांसाठी आवडतात.

फुलपाखरू

बापरे, ल-श चं कधी लक्षातच आलं नव्हतं. माझा मुलगा 'हा ल आमच्या शाळेतला नाही' असं म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

चष्मिष

रंगीत चष्म्याबद्दल. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. रंगीत काचा, रंगीत पारदर्शक कागद, डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं. डोळे मात्र एकदा तपासून घ्याच. नंबर असेल तर साधा चष्मा लागेल, तेवढाच. साठ हजार वाचवा.

माजिवड्याची आई

साठ हजार हा आकडा ऐकून हसावं की रडावं. आम्ही अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते. टॅबमध्ये फुगे फोडायचे खेळ होते. मुलगा फुगे उत्तम फोडतो.

पाटीपेन्सिल

मी पालिकेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे इथल्या चर्चेतलं अर्धं माझ्या वर्गात शक्य नाही. पोरं भरपूर, मी एक. कोण डिस्लेक्सिक, कोण गावी गेल्यामुळे दोन महिने गैरहजर, कोणाला नीट ऐकू येत नाही, हे वरून सारखंच दिसतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी बनवली आहे. ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मराठी मुलाला इंग्रजी उतारा वाचायला लावून निदान करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तपासणी कुठेही करा, मुलाला त्याच्या भाषेत तपासलं का, एवढं विचारा.

पुस्तकांसाठी मी स्टोरीवीव्हर वापरतो. प्रथम बुक्सचा हा संग्रह २०१५ पासून आहे. मराठी गोष्टी फुकट, पातळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीत पानाला एक-दोन ओळी असतात. फक्त एक अडचण : मोठ्या मुलाला 'बाळाचं पुस्तक' दिलं की तो चिडतो. मग मी त्याला सांगतो की तुला हे पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायचंय, त्याआधी तयारी कर. आता सोपं पुस्तक वाचायला कारण मिळतं, लाज वाटत नाही.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, दीक्षा ॲपमधून धड्यांचं साहित्य उघडतं. दर्जा धड्यागणिक वेगळा. कवितांना चाल असेल तर मुलं ओळीवर बोट ठेवून म्हणतात, तेवढं उपयोगी.

कटिंग

गूगलचं रीड अलाँग कुणी वापरलंय का? मूल मोठ्याने वाचतं आणि ते ऐकून शब्दाला खूण करतं.

पाटीपेन्सिल

हो, त्यात मराठी आहे. अडखळणाऱ्या मुलाला माणसासमोर वाचायची भीती असते, यंत्रासमोर नसते, हा मोठा फायदा. पण आवाज ऐकून तपासणाऱ्या कुठल्याही ॲपच्या शेजारी पहिले काही दिवस बसा. आमची बरीच मुलं आगरी बोलतात. घरी 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द बघून 'पानी' म्हणालं तर ते अचूक वाचतंय, त्याला वाचनाची चूक म्हणू नका. बोलीचा हिशोब वेगळा, वाचनाचा वेगळा.

फुलपाखरू

हे शिक्षकांनाही कुणीतरी सांगा हो.

घोडबंदरकर

मूळ गोष्ट कुणी बोलत नाही. एका मुलावर तीन भाषा लादायच्याच कशाला? मराठी, इंग्रजी, वर हिंदी. पहिलीपासून हिंदी आणायला निघाले होते तेव्हाच...

झब्बू

आला! हिंदी सक्तीचा विषय आला! पॉपकॉर्न आणतो.

संपादक मंडळ

ते निर्णय सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतले आणि त्यावर इथे आधीच चार धागे आहेत. पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे वाचनाच्या साधनांवर बोलावं ही विनंती.

तीनहातनाका

संपादकांचे आभार. बरेच दिवस लिहिलं नाही, कारण करून बघत होतो. पॅकेज घेतलं नाही.

रव्याचं ताट चाललं, पण मुंग्या आल्या, आता बारीक वाळू आहे. जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापलीय. ती पानावर ठेवून सरकवतो, त्यामुळे त्याला एकच ओळ दिसते आणि 'एवढं सगळं?' हे रडगाणं कमी झालं. टंकप्रेमींच्या मापाने छापलेले उतारे त्याला 'मोठ्या माणसांचे' वाटतात, का कोण जाणे. रविवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं, १८९३ पासूनची संस्था म्हटल्यावर त्याने 'तेव्हापासून कुणीच पुस्तक परत केलं नाही तर?' असं विचारलं.

सगळ्यात जास्त चाललं ते मात्र बायकोचं. ती त्याचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करते. तोच उतारा तो पुन्हा वाचतो, पुन्हा रेकॉर्ड, मग दोन्ही ऐकतो. स्वतःचं रखडणं त्याला स्वतःला ऐकू येतं आणि सुधारणाही. मी जेव्हा 'पुन्हा वाच' म्हणायचो तेव्हा ती शिक्षा होती, आता ते त्याचं 'रीटेक' आहे. पडद्याला माझा विरोध होता, पण यात तो पडद्याकडे बघतच नाही.

दोन प्रश्न उरलेत. इंग्रजीचं काय करायचं? आणि प्रमाणपत्र आत्ताच काढावं का?

नेरुळची मावशी

एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचून ओघ येतो, हे अगदी बरोबर चाललंय. फक्त उतारा इतका सोपा हवा की तो फार अडणार नाही. दर तिसऱ्या शब्दाला अडत असेल तर उतारा बदला, मुलाला नाही.

इंग्रजी. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंचसं सरळ आहे, म्हणून आपली मुलं पुढे अचूक पण संथ वाचतात. इंग्रजीत तोच 'ए' दहा सोंगं घेतो, त्यामुळे तिथे अडचण जास्त उघडी पडते. आवाज सुटे करायचं कौशल्य दोन्हीकडे चालतं, अक्षरं मात्र वेगळी शिकवावी लागतात. एका बैठकीत दोन लिप्या नकोत. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी, आणि दोन्हींच्या कार्डांचा रंग वेगळा.

आणि चौथीत जोडाक्षरं कच्ची आहेत म्हणून घाबरू नका. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्यासारख्या लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला चांगल्या वाचणाऱ्या मुलांनाही चौथीपर्यंतचा वेळ लागतो. रोमन लिपीत सव्वीस अक्षरांवर भागतं, आपल्याकडे मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकड्यांत जातात.

माजिवड्याची आई

प्रमाणपत्राचं मी सांगते, आत्ताच त्यातून गेलेय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्राचा विचार होतो, तुमचा मुलगा बसतो. खासगी रिपोर्ट उपचारासाठी ठीक, बोर्डाच्या सवलतींना सरकारी लागतो. मुंबईत सायन, नायर, केईएम रुग्णालयांत त्यासाठी विभाग आहेत. तारीख लांबची मिळते, म्हणून दहावीची वाट बघू नका. शाळेचं पत्र, जुन्या वह्या आणि आधीचे रिपोर्ट एका फाइलला लावून न्या. वह्या विसरू नका, त्या आवर्जून बघतात. बोर्डाला तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं वगैरे मिळतं. तुम्ही नवी मुंबईत असतात तर वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांग मुलांसाठीच्या केंद्रातही चौकशी करा म्हटलं असतं.

झब्बू

शुद्धलेखनाचे गुण कापत नाहीत? मग या संस्थळावरच्या निम्म्या आयडींना प्रमाणपत्र द्या.

उलटापुलटा

मला द्या. मी रांगेत पहिला.

कटिंग

मावशी, एक बारीक शंका. ते वेलांटी सरकवायचं पारदर्शक प्लास्टिक ठाण्यात मिळेल का? नौपाड्यात दोन दुकानांत विचारलं, ओएचपी शीट म्हटलं तर 'आता कोण वापरतं' म्हणाले.

टंकप्रेमी

शीट शोधत बसू नका. कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंगचं पुढचं पारदर्शक कव्हर मागा. ते जाड असतं, कापल्यावर कडा वळत नाहीत. शाई पर्मनंट मार्करची घ्या, व्हाइटबोर्डची घेतली तर पोराच्या बोटाला लागून वेलांटी पुसते. कोपरे गोल कापा, टोचतात.